आईंचा आखडलेला खांदा: इंजेक्शन, मालिश आणि व्यायाम यांविषयी

आपण विचारले आहे की, ५४ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आईंचा डावा खांदा चार महिन्यांपासून आखडला आहे, डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डरचे निदान करून सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे, आणि शेजारच्या काकू मालिशवाल्याकडून हात ओढून मोकळा करून घ्या म्हणतात. तर यांपैकी काय करावे? मला हे दुखणे ५१ व्या वर्षी झाले, तेही मधुमेह असताना, आणि हात पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिली कळकळीची विनंती अशी की, हात कोणाकडूनही ओढून घेऊ नका. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे पातळ आवरण असते. या आजारात आधी त्याला सूज येते आणि मग ते जाड होऊन आकसते. सूज असताना जोर लावला की दुखणे भडकते. ओळखीच्या एका मालिशवाल्यांनी माझा हात झटक्याने डोक्यामागे नेला होता. त्यानंतर तीन आठवडे मी खुर्चीत बसून झोपले.

कोणता उपचार योग्य, हे आजार कोणत्या टप्प्यात आहे यावर ठरते. सुरुवातीचे काही महिने वेदनेचे असतात, रात्री तर कुशीवर वळताही येत नाही. पुढे वेदना उतरते, पण हात जखडतो. वेणी घालणे, पाठीमागे हात नेणे, फळीवरचा डबा काढणे अशक्य होते. शेवटच्या टप्प्यात तो हळूहळू सुटू लागतो, आणि त्यालाही महिने लागतात. आईंना रात्री झोप लागत नाही असे आपण लिहिले आहे, म्हणजे त्या बहुधा अजून पहिल्या टप्प्यातच असाव्यात. इंजेक्शनचा सर्वाधिक उपयोग याच काळात होतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. सांध्यात एकदा दिलेले औषध आणि महिनोन्महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. माझी उपाशीपोटीची साखर एरवी १३० च्या आसपास असे. ती दुसऱ्या दिवशी २४० वर गेली आणि आठवड्याभरात खाली आली. घरी ग्लुकोमीटर होता, म्हणून मी घाबरले नाही.

निदानाची खात्री करून घेण्याजोगी एक खूण आहे. कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात वाकवलेला हात दार उघडल्यासारखा बाहेरच्या बाजूला वळवायचा. फ्रोजन शोल्डरमध्ये ही हालचाल लवकर जाते, आणि दुसऱ्याने हळूच हात धरून वळवला तरी तो तितकाच अडतो. स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, अशी स्थिती असेल तर स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटल्याची शंका घ्यावी लागते. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. तो इतर कारणे वगळण्यासाठी काढतात. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर कधी छातीत दडपण, घाम किंवा धाप जाणवली, तर ते खांद्यावर न ढकलता तत्काळ रुग्णालय गाठा.

व्यायाम सध्या सौम्यच हवेत. आधी दहा मिनिटे गरम शेक द्यावा. मग चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन ओणवे व्हायचे आणि दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हलवायचा. ताण जाणवावा, पण कळ येऊ नये. आणि व्यायामानंतरची वेदना तासाभराहून अधिक रेंगाळली तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. वेदना ओसरल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला भिंतीवर बोटे चढवायला आणि पाठीमागे टॉवेल ओढायला शिकवले. मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर रविवारी पेन्सिलने खूण करून तारीख लिहीत असे. सलग पाच रविवार खूण एकाच जागी पडली आणि मला रडू आले. सहाव्या रविवारी ती दोन बोटे वर गेली होती. त्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत.

पुढे कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर घाई करू नका. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात भूल देऊन हात मोकळा करणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी या तिन्हींची तुलना केली होती; वर्षभरानंतर यांपैकी कोणताही उपचार इतरांहून स्पष्टपणे सरस ठरला नाही. अनेक महिने नेटाने उपचार करूनही हात अडलेलाच राहिला, तर तो विषय जरूर काढावा. मधुमेहींमध्ये हे दुखणे अधिक आढळते आणि अधिक चिवटही असते, म्हणून साखर आटोक्यात ठेवण्याकडे लक्ष असू द्या, आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

आज रात्रीपुरते सांगायचे तर आईंना उताणे झोपवा आणि डाव्या कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे हात मागे कलंडणार नाही. मला त्या काळात सलग चार तास झोप मिळाली ती यामुळेच.