फुकटचा कांदा

प्रश्न: मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते. एक्सेलमध्ये महिन्याच्या भावांवर ‘मिन’ लावलं, तर सर्वांत कमी भाव शून्य! मालक म्हणतात, “आपण फुकट कधी वाटला?”
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: मालकांचं बरोबर आहे, ताई. गाळा बंद त्या दिवशी तुम्ही शून्य टाकलं असणार. ‘मिन’ कोरा चौकोन सोडून देतं, शून्य मात्र आकडाच धरतं. सुट्टीचा चौकोन कोराच ठेवा. जुनी शून्यं राहू द्यायची असतील तर ‘मिनइफ्स’मध्ये ‘शून्यापेक्षा जास्त’ अशी अट घाला. एक्सेल २०१९ पासून ते आहे.

आणि हो, ‘१२ रु.’ लिहिलंत की तो मजकूर होतो, ‘मिन’ त्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझा सर्वांत स्वस्त भाव असाच हरवला होता. बाकी आकडे उजवीकडे, हा एकटाच डावीकडे चिकटलेला दिसला, तेव्हा सापडला.