मत्स्यालयात गेल्यावर कोणते समुद्री जीव आवर्जून बघावेत?

माझं उत्तर एकच: ऑक्टोपस. बहुतेक लोक त्याच्या टाकीसमोर येतात, दगडाशिवाय काही दिसत नाही म्हणून पुढे जातात. तसं करू नका, थांबा. तो दगडच हळूच डोळा उघडतो! त्याला तीन हृदयं असतात. रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, तिथे त्याच्याकडे तांबं असतं. जवळपास पन्नास कोटी चेतापेशींपैकी निम्म्याहून जास्त तर त्याच्या आठ हातांतच असतात. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ मध्ये टाकीच्या फटीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळातून थेट समुद्रात पोहोचला. अंगात हाड नाही, त्यामुळे तोंडातली कठीण चोच मावेल एवढी जागा त्याला पुरते.

मग समुद्रघोडे बघा. त्यांच्यात पिल्लं नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात आणि जन्मही तोच देतो. पोट सुटलेला नर दिसला तर नीट बघा, मला ते दृश्य फार आवडतं.

जेलीफिशना मेंदू नाही, हृदयही नाही. त्यांची टाकी बहुधा गोलाकार असते, कारण कोपऱ्यात अडकल्या तर त्यांचं नाजूक अंग फाटतं. पाणी सतत हलकं फिरतं ठेवतात.

शार्कच्या बोगद्यात गर्दी असणारच, तिथे शेवटी गेलात तरी चालेल. आणि काचेवर टकटक करू नका, कॅमेऱ्याचा फ्लॅशही बंद ठेवा.