पळी कोणाच्या हातात आहे ते बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. नऊ महिन्यांचं बाळ, दंडाचा घेर 11.2 सेंमी, दंड मोजायची रंगीत पट्टी लालवर. "बाई, मी सगळं सांगितलं त्यांना, आहाराचा तक्ता वाचून दाखवला, तरी असं कसं?" तक्ता वाचून दाखवलास म्हणूनच, असं तोंडावर आलं होतं. पण रडणाऱ्या माणसाला फोनवर काय बोलणार? म्हणून लिहितेय.

आधी तातडीचं. दंड 11.5 सेंमीच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, त्यात वाट बघायची नसते. बाळाला आरोग्य केंद्रात ने, भूक चाचणी, म्हणजे समोर दिलेलं बाळ किती खातं ते, करून घे. ताप, जुलाब, पायावर सूज असेल किंवा बाळ खायलाच बघत नसेल, तर भरती करायला लाव. हे तू उद्याच करशील असं धरून पुढचं लिहिते.

त्या बाळाच्या आईला मी ओळखते. 2004 साली ती जन्मली तेव्हा साल्टर काट्याच्या, म्हणजे टांगून वजन करायच्या काट्याच्या, झोळीत तिला मीच घातलं होतं. 1.9 किलो. अडीचच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, तेव्हाही लाल शाईनंच लिहिलं होतं. आज तीच माहेरी बसलीय, नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर. तू मोजलास तो दंड वीस वर्षांपूर्वीच बारीक व्हायला लागला होता, असं समज.

आता त्या घरी दिवस मावळताना जा. चुलीपाशी बस आणि तोंड उघडू नकोस. कोण आधी जेवतं, कोण शेवटी आणि शेवटच्या ताटात काय उरतं, तेवढं बघ. सल्ला त्यानंतर.

हे मी फार उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गरोदर बाईला दूध, अंडी, पालेभाजी असं घडाघडा ऐकवलं. दारात दोन गाई. ती शांतपणे म्हणाली, "बाई, दूध डेअरीचं हाये, माझं न्हाई." दहा दिवसांनी दुधाचा पगार यायचा, त्यावर दुकानदाराची उधारी. घरात दूध होतं, पण पिण्यासाठी नव्हतंच. मग आम्ही तिच्या सासूला मध्ये घेतलं आणि ठरवलं, की कॅन भरायच्या आधी एक पेला बाजूला. कॅन भरल्यावर कोणीच काढत नाही.

त्या बाळाला काय देतात ते मी न बघता सांगते: वरणाचं पाणी. अख्ख्या तालुक्यात देतात. पोट भरतं, अंगी काही लागत नाही, कारण डाळ पातेल्याच्या तळाशी आणि पाणी बाळाच्या पोटात. खालची घट्ट डाळ घ्यायची, त्यात मऊ भात किंवा भाकरीचा पापुद्रा कुस्करायचा, वर चमचाभर तेल. चमचा तिरका केला तरी घास पटकन ओघळता कामा नये. अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा, मधे उकडलेल्या अंड्याचा कुस्करा किंवा केळं. अंगावरचं दूध चालूच. चहात बुडवलेलं बिस्किट बंद. हे बोलून दाखवू नकोस, त्यांच्याच वाटीत, त्यांच्याच डाळीचं करून दाखव. अंगणवाडीतून मिळणारं घरपोच आहाराचं पाकीट कुठे जातं तेही हळूच विचार. म्हशीच्या आंबोणात गेलेली पाकिटं मी पाहिलीत.

आईचं म्हणशील तर गरोदरपणापेक्षा पाजणारीला जास्त लागतं, दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी वाढीव. म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाटीभर घट्ट उसळ. डिंकाचे लाडू महिना-दीड महिना होतात आणि मग बाळंतपण 'संपतं'. दूध मात्र संपलेलं नसतं.

तिची धाकटी बहीण चौदाची आहे ना? तिच्याकडे जास्त लक्ष दे, कारण पुढची झोळी तिची. अंग वाढतंय, पाळी सुरू झालीय, आणि सोमवार-गुरुवारचे उपास साबुदाण्यावर, म्हणजे नुसत्या पिठूळपणावर. उपास सोड म्हणू नकोस, तुझंच येणं बंद होईल. भगर, राजगिरा, शेंगदाणे, ताक सुचव. आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू लागू देतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी निघालं. त्यात तू आणि मीही मोजल्या गेलो असतो, सांगता येत नाही.

बाप्यांचं थोडक्यात. नांगर गेला, ट्रॅक्टर आला, शेतावर जायला मोटरसायकल आली, भाकऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. चाळिशीनंतर साखर तपासायला लाव आणि ताटातलं लोणचं-पापड कमी करायला सांग. ऐकतील असं नाही. पणजीचे दात गेलेत म्हणून तिला रात्री चहा-खारीवर भागवत असतील. म्हातारपणी अंगातलं मांस झिजतं, प्रथिनं तेव्हाही तितकीच लागतात. मुगाची घट्ट खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं. बाळासाठी शिजवाल तेच तिला चालतं, वेगळी चूल नको.

राहिली आजी, बाळाची. चाळिशीतली. सगळ्यात शेवटी तीच जेवत असणार, खरवड आणि ठेचा. पण पळीही तिच्याच हातात आहे. म्हणून तक्ता घेऊन लेकीशी बोलू नकोस, हिच्याशी बोल, आणि बाळाबद्दल नको, तिच्या स्वतःच्या गुडघेदुखीबद्दल, चक्कर येण्याबद्दल आधी विचार. तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं. मग एकच मागणं घाल: पाजणारीचं ताट बाप्यांच्या पंगतीबरोबर वाढा, आणि त्याच वेळी स्वतःचंही वाढून झाकून ठेवा. डाळीच्या वरच्या पाण्याचं नाही, तळातलं.

पहिल्या खेपेला ती हसेल. दुसऱ्या खेपेला तुला जेवायला बसवेल. बस.

पुढच्या गुरुवारी बाळाचं वजन घेशील ते मला कळव. 'बरं आहे' असं नको, ग्रॅममध्ये कळव.

तुझी,
बाई