वॉर्डात स्कॅनिंग सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

वॉर्डात औषधं देताना चूक होऊ नये म्हणून थेट आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचले जाणारे टॅग, आणावेत का, असं तुम्ही विचारलंत; पण ते थोडं थांबू द्या. आधी साधा बारकोड पक्का बसवा. रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन, औषधाचं पाकीट स्कॅन, मगच औषध. अशा स्कॅनिंगवरचा बोस्टनमधल्या एका रुग्णालयातला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वेळेच्या चुका वगळता औषध देतानाच्या चुका तिथे सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्या होत्या.

सुरुवातीला घोळ होतो तो इथे:

- पट्ट्याची जादा प्रत छापून ट्रॉलीवर चिकटवणं. हे पहिल्या दिवसापासून बंद करा. स्कॅनर 'बरोबर' म्हणतो, पण खाटेवरचा माणूस तोच आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं.
- औषध देऊन झाल्यावर स्कॅन करणं. मग नुसती नोंद उरते, चूक अडत नाही.
- इशारा न वाचताच पुढे जाणं.

नर्सने आडवाट घेतली तर रागावण्याआधी कारण विचारा. पट्टा ओला होऊन पुसट झालेला असतो, स्कॅनरची बॅटरी उतरलेली असते किंवा ट्रॉली खाटेपर्यंत पोचत नाही. तेच आधी दुरुस्त करा. पट्ट्यावर चौकोनी ठिपक्यांचा कोड छापा; लांब रेघांचा कोड मनगटाभोवती वळला की नीट वाचला जात नाही.

आरएफआयडीची सुरुवात पुढे इन्फ्यूजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं यंत्र), व्हीलचेअर शोधण्यापासून करा. धातू आणि द्रवाजवळ त्याचे सिग्नल अडखळतात, म्हणून सलाइनच्या पिशव्यांवर पहिला प्रयोग नको.

पहिले काही दिवस एकच वॉर्ड घ्या आणि स्वतः राउंडला उभे राहा. तुम्हाला नक्की जमेल.