एकच प्रथिन, दोन डाग

प्रश्न : माझी भाची बेळगावात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. अल्झायमरग्रस्त मेंदूच्या एकाच ठोकळ्याच्या दोन कापांवर तिने टाऊ प्रथिनासाठी दोन अँटीबॉडी (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने) वापरल्या. एकीने सगळा काप फिकट तपकिरी केला, दुसरीने मोजकेच गडद ठिपके दाखवले. यातली खोटी कोणती? माझ्या ७४ वर्षांच्या आईचा विसराळूपणा अशाने तपासता येईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आईंचे आधी सांगतो. ही तपासणी मेंदूच्या ऊतीवर होते, त्यामुळे ती बहुधा मृत्यूनंतरच शक्य असते. रक्तातील टाऊ व अमायलॉइड (अल्झायमरशी निगडित दुसरे प्रथिन) मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तिच्यातही अँटीबॉडीच वापरतात. परंतु त्याआधी बी-१२, थायरॉइड आणि चालू औषधे मेंदूविकारतज्ज्ञांकडून पाहून घ्यावीत, कारण यांमुळे आलेला विसराळूपणा पुष्कळदा सुधारतो.

भाचीच्या दोन्ही अँटीबॉडी खऱ्या असू शकतात. अँटीबॉडी अख्खे प्रथिन ओळखत नाही, त्याचा लहानसा तुकडा ओळखते. बसच्या कन्नड पाटीवरचे शेवटचे ‘पुर’ एवढेच वाचता येणारा माणूस खानापूरच्या गाडीत चढेल, तसाच कोल्हापूरच्याही. टाऊ निरोगी चेतापेशीतही असतेच. त्याचा कोणत्याही अवस्थेत न बदलणारा भाग ओळखणारी अँटीबॉडी सगळीकडे चिकटणार. एटी-८ नावाची प्रसिद्ध अँटीबॉडी मात्र टाऊच्या अमिनो आम्लांच्या साखळीत २०२ क्रमांकाच्या सेरीनवर आणि २०५ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसले असेल तरच घट्ट धरते, आणि अल्झायमरमध्ये पेशीत साचणाऱ्या टाऊच्या गुंत्यांवर अशी फॉस्फेटे भरपूर असतात. भाचीची दुसरी बाटली या जातीची असावी.

तपकिरी रंग अँटीबॉडीचा नसतो, तो तिच्यामागोमाग जोडलेल्या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेतून उमटतो. काप रंगद्रव्यात दोन मिनिटे जास्त राहिला तरी डाग गडद होतो. म्हणून नुसत्या गडदपणावरून प्रथिनाचे प्रमाण ठरवू नये, ही चूक जुने संशोधकही करतात.

खातरजमेसाठी तिने एका कापावर टाऊ ओळखणारी अँटीबॉडी न घालता बाकी सारी कृती करावी. तो कोरा राहायला हवा. दुसऱ्या कापावरील फॉस्फेट फॉस्फेटेज या विकराने आधी काढून टाकावे आणि मग ठिपकेवाली अँटीबॉडी लावावी. ठिपके नाहीसे झाले, तर ती फॉस्फेटच ओळखत होती. तसेच राहिले, तर आधी विकराने काम केले की नाही ते पाहावे आणि मगच अँटीबॉडीवर संशय घ्यावा.