स्वाहिली म्हणी : शेर, कुदळ आणि कांगा

प्रश्न : ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ या स्वाहिली (पूर्व आफ्रिकेतल्या भाषेतल्या) म्हणीचा अर्थ ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असा वाचला. तेवढा पुरेसा आहे का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भाव जुळतो, पण तळं आणलं की मूळ म्हणीतलं धान्य हरवतं. ‘हाबा’ म्हणजे अगदी थोडं. ‘किबाबा’ हे धान्य मोजायचं जुनं माप. चार किबाबांची एक पिशी, जशी आपल्याकडे चार शेरांची पायली. क्रियापदाला सुरुवातीला जोडलेला ‘हु’ ‘नेहमी असंच होतं’ हे सांगतो आणि तो पुष्कळ म्हणींत भेटतो. म्हणजे ‘थोडं थोडं टाकत गेलं की शेर भरतो’. तळं पावसाने भरतं, शेर भरायला मूठ लागते. म्हणून बचतीचा उपदेश करताना ही म्हण चपखल बसते. म्हणताना जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्या : कि-बा-बा.

हिच्या उलट बाजूची म्हणही सोबत पाठ करावी. ‘चोव्या चोव्या यामालिझा बुयु ला असालि’ : बोट बुडवून बुडवून मधाचा भोपळा रिकामा होतो. पहिली साठवणाऱ्याला धीर देते, दुसरी किरकोळ खर्च करत राहणाऱ्याला सावध करते. दोन्हींत ‘थोडं थोडं’ असल्याने शिकणाऱ्यांची गफलत होते आणि शाबासकीच्या जागी कानउघाडणी होऊन बसते.

प्रश्न : ‘पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या’ हा पाहुण्याचा अपमान नाही का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. मूळ शब्द असे : ‘म्गेनि सिकु म्बिलि, सिकु या तातु म्पे जेंबे’. जेंबे म्हणजे शेत खणायची रुंद पात्याची कुदळ. आपली म्हण आठवा : ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’. ती पाहुण्याला दाराकडे वळवते. स्वाहिली म्हण त्याला शेताकडे नेते : राहा, पण आता घरचा म्हणून राहा. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 1962 साली आपला समाजवाद मांडताना हीच म्हण वापरली. पाहुणचार आणि कष्ट दोन्ही आफ्रिकेच्या जुन्या रीतीतच आहेत, हे त्यांना तिच्यातून दाखवायचं होतं. म्हण पाहुण्याच्या तोंडावर मात्र यजमानाने म्हणू नये. पाहुण्याने स्वतः म्हणून कामाला हात लावला तर ती शोभते.

प्रश्न : झांझिबारहून भेट म्हणून कांगा आणायचा आहे. त्यावरची ओळ कशी पारखायची? (वाचक, ठाणे)

उत्तर : कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड. तो जोडीने विकतात. एक तुकडा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा जास्त रुंद असतो. चारही बाजूंची किनार म्हणजे ‘पिंदो’, मधला भाग ‘म्जि’. त्याच्या खालच्या अंगाला चौकटीत छापलेली ओळ म्हणजे ‘जिना’, शब्दशः नाव. रंग बघून घ्याल आणि ओळ न वाचता द्याल तर पंचाईत होईल, कारण कित्येक ओळी सवतीला, शेजारणीला मारलेले टोमणे असतात. ‘विवु’ (मत्सर), ‘हासिदि’ (जळणारा) किंवा ‘फितिना’ (कलागत) हे शब्द दिसले तर आधी दुकानदाराकडून अर्थ विचारून घ्या. ‘वेमा हाउओझि’, म्हणजे चांगुलपणा कुजत नाही, ही ओळ कुणालाही बेधडक द्यावी. जोडी सलग कापडात येते. मधोमध कापून कडा दुमडून शिवाव्या लागतात. पहिली धुलाई वेगळी करा, रंग जाऊ शकतो.