टोंगारिरो क्रॉसिंग एका दिवसात जमेल का? ट्रेकिंगचा अनुभव सह्याद्रीतलाच आहे.

जमेल. राजगड-तोरणा एका दमात केला असेल तर नक्कीच. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरची ही वाट साधारण 20 किलोमीटरची, सात-आठ तास लागतात. मांगाटेपोपोहून चढायचं आणि केटेटाहीला उतरायचं. म्हणून गाडी शेवटाकडे ठेवून सकाळी शटलने सुरुवातीला गेलेलं बरं.

खरी कसोटी रेड क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरावरून हिरव्या तळ्यांकडे उतरताना. पायाखाली सुटी राख नि खडी, टाच रोवत उतरायचं. घाई केलीत की बसलातच! आजूबाजूला वाफा, गंधकाचा वास, काही ठिकाणी जमीन कोमट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला; इथलं 'ते मारी' नावाचं विवर मात्र 2012 साली दोनदा फुटलं.

तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, तिथल्या मूळच्या माओरी लोकांसाठी ती पवित्र आहेत. पुढच्या ब्लू लेक या तळ्याच्या काठावर डबाही उघडायचा नाही. लिंबू सरबतवाल्या मावशी वाटेत भेटणार नाहीत, तेव्हा पाणी दोन-तीन लिटर घ्या. विंडचीटर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातही हवाच, आणि वारा फार असेल तर सरळ माघारी फिरा.